मदत हवी आहे: जुन्या सिटी व्हीटेकला हेडर कुठला, ४-२-१ की ४-१?

मंडळी, माझ्याकडे २००३ ची होंडा सिटी १.५ व्हीटेक आहे, वडिलांनी घेतलेली, जिवापाड जपलीये. कंपनीचा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड (इंजिनातला जळालेला वायू बाहेर नेणारा भाग) आता तडकलाय, थंड इंजिनाला टकटक आवाज येतो, म्हणून म्हटलं बदलायचाच आहे तर सरळ हेडरच (त्याच जागी बसणारा, प्रत्येक सिलिंडरला वेगळी नळी असलेला) टाकू. गॅरेजवाला म्हणतो ४-१ (चारही नळ्या थेट एकात मिळणारा) घे, पॉवर जास्त, पण माझ्या वाचनात असं आलं की ४-१ चा फायदा वरच्या आरपीएमला होतो आणि ४-२-१ (चार नळ्या आधी दोनात, मग एकात) मधल्या आरपीएमला चांगला टॉर्क देतो, आणि माझं चालवणं म्हणजे रोज पुण्यातलं ट्रॅफिक अन् महिन्यातून एकदा खंबाटकी चढून सातारा, मग मला ४-२-१ च बरा ना?

दुसरं म्हणजे ३०४ स्टेनलेसचा बनवून घ्यावा की माइल्ड स्टीलला सिरॅमिक कोटिंग? माइल्ड स्टीलवर नुसतं हीट रॅप (उष्णतारोधक पट्टी) गुंडाळलं तर पावसाळ्यात ओल धरून पट्टीखाली गंजतो म्हणे. कॅट (धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) काढायचा नाहीये, पीयूसी आणि पासिंगचा प्रश्न येतो आणि धूरही नको. ऑक्सिजन सेन्सरचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची रिंग) नेमका कुठे वेल्ड करायचा? आणि ट्यूनिंग (इंजिनाच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलणं) न करता नुसत्या हेडरने खरंच फरक जाणवतो का, ज्यांनी बसवलाय त्यांनी प्लीज सांगा.