जॉन ब्राऊनला नुसतं माथेफिरू म्हणून कसं चालेल?
कुणीतरी लिहिलंय की जॉन ब्राऊन, म्हणजे अमेरिकेतली गुलामगिरी मोडायला शस्त्र उचलणारा तो गोरा माणूस, निव्वळ माथेफिरू होता, पण एवढं सोपं नाहीये ते. १८५६ मधे कॅन्ससला त्याच्या टोळीने गुलामगिरीच्या बाजूच्या पाच जणांना रात्री घराबाहेर ओढून तलवारींनी कापलं, ह्याचं समर्थन मीपण करणार नाही. पण १८५९ मधे व्हर्जिनियातल्या हार्पर्स फेरी गावच्या सरकारी शस्त्रागारावर केलेल्या हल्ल्यात त्याच्यासोबत कोण होतं तेही बघा की. डेंजरफील्ड न्यूबी, स्वतः गुलामीतून सुटलेला, बायको हॅरिएट आणि पोरं मात्र व्हर्जिनियातच अडकलेली, पैसे जमवून सोडवायला गेला तर सौदा काही जमेना, मग बंदूक घेऊन निघाला. हल्लेखोरांपैकी पहिला तोच मेला. हॅरिएटची पत्रं सापडली नंतर, मला लवकर विकत घे नाहीतर दुसरं कुणी घेईल अशी विनवणी करणारी, आणि पुढे तिला खरंच लुईझियानात विकलं.

बाकी प्लॅन म्हणाल तर आनंदीआनंदच. गुलामीतून सुटलेला कृष्णवर्णीय नेता फ्रेडरिक डग्लस, त्याने आधीच बजावलं होतं की तिथे शिरलात तर सापळ्यात अडकाल, तरी शस्त्रागार ताब्यात घेऊन ब्राऊन तिथेच बसून राहिला, तोवर अमेरिकी लष्कराचा अधिकारी रॉबर्ट ली मरीन सैनिक घेऊन हजर. त्यात ह्यांच्या गोळीने आधी मेला कोण, तर हेवर्ड शेफर्ड, रेल्वे स्टेशनवर सामान उचलणारा स्वतंत्र कृष्णवर्णीय माणूस!