मदत हवी आहे: खेकड्याचं सूप गाळूनही कचकच लागायली

नमस्कार मंडळी, आम्ही नांदेडचे. इथं फ्रोजन कोळंबी मिळते पण सोललेली, आणि सूपची खरी चव तर कवचात, म्हणून काळे खेकडे आणले. रस्सा घरी नेहमीचाच हाय, सासूबाई बारीक पाय पाट्यावर वाटून त्याचं पाणी रश्श्यात टाकतात, पण पोरीला पाहिजे ते फ्रेंच लोकांचं बिस्क, एकदम गुळगुळीत क्रीमवालं. मग कवचं फोडून बटरमधे कांदा गाजर टमाट्यासोबत परतली, पाणी घालून अर्धा तास उकळली, दाटपणासाठी मूठभर तांदूळ त्यातच टाकला आणि सगळं मिक्सरला फिरवून गाळलं. चव लई भारी! पण चहाच्या गाळणीतून बारीक कचकच खाली उतरते आणि मलमलच्या फडक्यातून गाळलं की कचकच जाते पण भात टमाटा पण वरच अडकतो अन् हाती नुसतं पाणी. शिवाय पायांचा कच्चा रस उकळत्या सूपमधे ओतला की नासलेल्या दुधासारखे गोळे होतात, ते कामून? फेकायचे का ठेवायचे?

प्रतिसाद १
ताई, कवच मिक्सरला लावूच नका, पात्याची पण वाट लागते. खलबत्त्यात ठेचा, उकळा, मोठ्या चाळणीत पळीनं दाबून रस काढा, मग ते पाणी फडक्यातून गाळा आणि थोडा वेळ निवळू द्या, तळाशी बसलेला गाळ सोडून वरचं घ्या. तांदूळ त्यानंतर, ह्या गाळलेल्या पाण्यात शिजवायचा आणि मग खुशाल मिक्सर, कारण आता त्यात कवच नाहीच. शेवटी मैद्याची चाळणी पुरे. गोळे म्हणजे रसातलं प्रोटीन, गरम लागलं की घट्ट होणारच, फेकू नका, भातासोबत वाटून टाका. आणि साफ करताना आतले झालरीसारखे कल्ले काढता ना? चिखल तिथंच अडकतो.

प्रतिसाद २
वरचं बरोबर. फक्त कच्चा रस चाखून बघू नका, गोड्या पाण्यातल्या खेकड्यात फुप्फुसात जाणारे जंत असू शकतात, चांगलं उकळल्यावरच चव घ्या. फडकं, पाटा, हात पण साबणानं धुवा.

धागाकर्ती
कल्ले काढते हो, पण तांदूळ मात्र कवचासोबतच टाकत होते. क्रीम घातल्यावर परत उकळी आणायची का गॅस बंद करून घालायचं? पोरगी रविवारची वाट बघायली.

प्रतिसाद १
गॅस एकदम बारीक करून घाला, नुसतं गरम होऊ द्या. लिंबू पिळायचं असलं तर वाटीत वाढल्यावर.