पूरसज्जता: वरून न दिसणारी माहिती
उपग्रहचित्रे आणि पर्जन्यमापकांच्या नोंदी मिळाल्या की गरीब वस्त्यांच्या पूरसज्जतेचे बहुतेक काम होते, हे मत मला अपुरे वाटते. दाट वस्तीत पाणी कोणत्या घरात शिरेल हे वीतभर उतारावर आणि तुंबलेल्या गटारावर ठरते, आणि ते वरून क्वचितच दिसते. टांझानियातील दार-एस-सलाममध्ये २०१५ पासून ‘रमानी हुरिया’ या उपक्रमात विद्यार्थ्यांनी व रहिवाशांनी रस्ते, इमारती आणि नाले ओपनस्ट्रीटमॅप या कोणालाही भर घालता येणाऱ्या खुल्या ऑनलाइन नकाशावर नोंदवले; ड्रोनची छायाचित्रे त्याला पूरक ठरली. मात्र पूररेषेच्या अशाच नकाशांचा आधार घेऊन वस्ती हटवली जाण्याची भीती रास्त आहे, म्हणून या माहितीवरचा रहिवाशांचा हक्क सर्वेक्षणापूर्वीच लेखी ठरवावा. इशारा साध्या फोनवर आणि ध्वनिक्षेपकावरूनही पोहोचला पाहिजे.