दर लाखी आकडा वाचताना

केरळचा गुन्हेदर (दर लाख लोकसंख्येमागे गुन्हे) बिहारपेक्षा जास्त, म्हणून केरळ जास्त असुरक्षित, असा निष्कर्ष काढला जातो, तो पटत नाही. एनसीआरबी (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभाग) मोजतं ते नोंदलेले गुन्हे. जिथे पोलीस तक्रार सहज घेतात, तिथे दर फुगतो. त्यात एका एफआयआरमध्ये अनेक कलमं असली तरी सर्वांत गंभीर तेवढंच धरतात. बलात्कार करून खून केला तर ती नोंद बलात्काराच्या आकड्यात येत नाही.

राज्यांची तुलना खुनाच्या दरावरून करा, मृतदेह लपवणं अवघड असतं. वाहनचोरीही बरी, विम्यासाठी एफआयआर लागतोच.

पुण्याचे जुने-नवे आकडे लावताना जपून! 2018 मध्ये पिंपरी-चिंचवड आयुक्तालय वेगळं झालं. हद्द बदलली की भागाकारातली लोकसंख्याही बदलायलाच हवी.