गव्हाला युरियाची तिसरी गोणी कशाला? (चर्चा)

लालबागची_लेक
मी लालबागला राहते, नोकरी परळला, पण सिन्नर तालुक्यात आमची दोन एकर बागायत आहे आणि आईबाबा तिथेच असतात, त्यामुळे रब्बीत दर दुसऱ्या शनिवारी माझी गावी फेरी असते. आमच्याकडे गव्हाला एकरी डीएपीची (नत्र आणि स्फुरद देणारं खत) एक गोणी आणि युरियाच्या तीन गोण्या पडतात, शेजारीपाजारी पण तेच. आता हिशोब बघा. युरियात नत्र (नायट्रोजन) 46 टक्के, गोणी 45 किलोची, म्हणजे तीन गोण्यांत 62 किलो, डीएपीतलं 9, झाले 71. राहुरी कृषी विद्यापीठाची शिफारस वेळेवर पेरलेल्या बागायती गव्हाला हेक्टरी 120 किलो, म्हणजे एकरी 48. आमचं उत्पादन एकरी 16 क्विंटल, दाण्यात 12 टक्के प्रोटीन धरलं तर त्या दाण्यात नत्र जातं जेमतेम 34 किलो, आणि त्यातलंही बरंचसं जमिनीत आधीपासून असलेलं. मग आपण टाकलेलं गेलं कुठे?

गेल्या डिसेंबरात मी गव्हाच्या साऱ्यात (वाफ्यात) उकिडवी बसून बघितलं. बाबांनी आदल्या संध्याकाळी युरिया फेकला होता आणि लाईटचा घोळ झाला म्हणून पाणी चार दिवसांनी मिळालं. सकाळी दवाने प्रत्येक दाणा विरघळून ढेकळावर नाण्याएवढा ओला डाग झालेला, पाभरीने पेरलेल्या ओळीपासून वीतभर लांब. तिसऱ्या दिवशी तिथलीच मूठभर माती नाकाजवळ धरली तर सरळ अमोनियाचा वास. आमची जमीन काळी, सामू (pH) 8 च्या वर, अशा जमिनीत वर पडून राहिलेला युरिया हवेतच जाणार. माझं म्हणणं एवढंच की तिसरी गोणी बंद करा आणि उरलेल्या दोन योग्य दिवशी टाका. निम्मं नत्र पेरताना आणि निम्मं 18 ते 21 दिवसांनी, मुकुटमुळं फुटतात तेव्हाच्या पाण्याला. पेरताना दोन चाड्याची पाभर वापरली की एका चाड्यातून बी आणि दुसऱ्यातून खत, ते खत मातीत पुरलं तरी जातं.

मुलुंडचा_माणूस
ताई राग मानू नका पण हे मुंबईत बसून लिहायला सोपं आहे. माझे वडील 68 वर्षांचे, निफाडकडे शेती. तुम्ही म्हणता पाण्याच्या वेळी युरिया टाका, अहो पाणी कधी मिळणार हे आमच्या हातात आहे का? एक आठवडा लाईट दिवसा, एक आठवडा रात्री, रात्री म्हणजे बाराला मोटर चालू करायची आणि उसाच्या कडेला बिबट्या. त्या अंधारात बॅटरी तोंडात धरून माणूस दारं मोडून पाणी वळवेल का युरिया फेकेल? म्हणून संध्याकाळी उजेडात फेकून मोकळं होतात. आणि ती तिसरी गोणी म्हणजे विमा आहे, थोडं उडालं तरी पिकाला कमी पडू नये म्हणून. गहू पिवळा पडला तर तुमचा हिशोबाचा कागद घेऊन काय करायचं?

लालबागची_लेक
दादा, बाबा रात्री पाण्याला जातात तेव्हा मी इथे फोन उशाशी घेऊन जागी असते, त्यामुळे ते मला सांगायला नको. पण विमा म्हणून टाकलेली गोणी भरपाई देते का? आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीत वारा सुटला आणि ज्या तुकड्यात जास्त युरिया पडला होता तोच गहू लोळला, मावा पण तिथेच जास्त होता.

दादरचा_केमिस्ट्रीवाला
दोघांचंही अर्धं बरोबर आहे. युरियाचा रेणू पाण्याबरोबर हलतो, म्हणून टाकल्यावर लगेच हलकं पाणी मिळालं तर तो दोन-चार बोटं खाली उतरतो, तिथे त्याचा अमोनियम होतो आणि चिकणमाती अमोनियम धरून ठेवते. पण पुढे जिवाणू त्याचं नायट्रेट करतात आणि नायट्रेट मातीला धरवत नाही. त्यामुळे सारा तुडुंब भरला तर ते पाण्याबरोबर खाली झिरपून जातं, नाहीतर पाणी साचून हवा कोंडली की त्याचा वायू होऊन उडतं. त्यातला नायट्रस ऑक्साईड हा कार्बन डायऑक्साईडच्या जवळपास 270 पट तापवणारा वायू. म्हणजे युरियाचा दिवस साधला पण पाणी बेसुमार दिलं तर ताई तुमची दोन गोण्यांतली पण एक जाणार.

चेंबूर_नाका
मूळ दुखणं किमतीत आहे आणि त्यावर कोणी बोलतच नाही. युरियाची गोणी 266 रुपयांच्या आसपास आणि डीएपीची 50 किलोची 1350, मग शेतकरी हात कशात सैल सोडणार? 2010 ला स्फुरद-पालाशसाठी (फॉस्फरस-पोटॅश) पोषणमूल्यावर अनुदान आलं आणि युरिया त्याच्या बाहेर ठेवला, तिथून नत्र, स्फुरद आणि पालाशचं प्रमाण बिघडत गेलं. 2015 ला सगळ्या युरियाला निमकोटिंग (कडुनिंबाच्या तेलाचा थर) सक्तीचं केलं, 2018 ला गोणी 50 ची 45 किलो केली, की लोक गोण्या मोजून टाकतात तर आपोआप कमी पडेल. पडलं का? ताईंकडे तीनच्या तीनच आहेत! युरिया महाग करून तेच पैसे शेतकऱ्याच्या खात्यात टाका, कोणाला शिकवायची गरज उरणार नाही.

मुलुंडचा_माणूस
खात्यात टाकतील तेव्हा टाकतील, गोणी मात्र दुसऱ्या दिवशी महाग होईल. आणि कोरडवाहूवाला ज्याला एकच पाणी मिळतं त्याने काय करायचं? ह्याला माझा ठाम विरोध आहे.

रात्रपाळी_कुर्ला
नॅनो युरियाबद्दल कोणीच बोललं नाही? द्रवरूप, 500 मिलीची बाटली, एका गोणीच्या जागी चालते म्हणतात, पिशवीतून नेता येते, फवारलं की थेट पानात, हवेत उडायचा प्रश्नच नाही. म्हाताऱ्या माणसांना गोणी उचलायला नको. मला तर हाच मार्ग वाटतो.

लालबागची_लेक
बाटलीचा पण हिशोब करा ना दादा. सुरुवातीला आलेल्या बाटलीत 4 टक्के नत्र, म्हणजे 20 ग्रॅम. गोणीत 20 किलोच्या वर. हजारपट फरक आहे, एक बाटली म्हणजे एक गोणी हे पिकाला कसं पटवणार? लुधियानाच्या पंजाब कृषी विद्यापीठाने भात-गव्हावर चाचण्या घेतल्या, युरियाचा हप्ता कापून त्याजागी फवारणी केली तर गव्हाचं उत्पादन 20 टक्क्यांहून जास्त घटलं आणि दाण्यातलं प्रोटीनही उतरलं. आणि आमच्या तालुक्याच्या एका दुकानात बाबांना सांगितलं की बाटली घेतली तरच युरियाची गोणी मिळेल. बाबा मुकाट घेऊन आले. मला त्याचा अजून संताप येतो.

गिरगावची_काकू
मी शेतकरी नाही, खाणारी आहे, तरी बोलते. आम्ही चाळीत अजून वर्षाचा लोकवन भरतो, गॅलरीत ऊन देऊन, निवडून. दाणा टपोरा आहे का आणि पोळी मऊ होते का एवढंच आम्ही बघतो, प्रोटीन किती हे मी जन्मात विचारलेलं नाही. व्यापारी पण वजनावर घेत असणार. मग शेतकऱ्याने नत्र जपून, वेळेवर घातलं तर त्याला त्याचा वेगळा भाव कुठे मिळतो? लेकी, तुझं पटतंय मला, पण फायदा कोणाच्या पदरात पडणार ते पण सांग.

दादरचा_केमिस्ट्रीवाला
काकू, खरा प्रश्न विचारलात. भाव नाही मिळत. वाचतात ते गोणीचे पैसे, आणि विहिरीच्या पाण्यात नायट्रेट कमी उतरतं, जी विहीर त्यांच्याच घरची असते.
अजून एक, 2021 मध्ये जपानची जिरकास आणि मेक्सिकोतली सिमीट या शेती संशोधन संस्थांनी रानगवताचा गुण घेऊन असा गहू केला की ज्याची मुळंच नायट्रेट होण्याचा वेग कमी करतात.

मुलुंडचा_माणूस
तो गहू आमच्या पाभरीत कधी येणार? आत्ता काय करू ते सांगा.

लालबागची_लेक
आत्ता पानांच्या रंगाची पट्टी घ्या. प्लॅस्टिकची, हिरव्या छटांची, मुळात भातासाठी केलेली पण गव्हालाही चालते. वरचं पूर्ण उघडलेलं पान, ऊन पाठीवर घेऊन आपल्या सावलीत पट्टीला लावायचं, अशी दहा पानं बघायची. रंग पट्टीवरच्या चार नंबरच्या छटेपेक्षा फिका असेल तर युरिया, नाहीतर थांबायचं. तुम्ही म्हणता तो विमा मला ह्या पट्टीत दिसतो, कारण पिवळं पडायच्या आधी कळतं. आमचं सोयाबीनचं बेवड आहे, म्हणजे गव्हाआधी सोयाबीन होतं आणि त्याने जमिनीत थोडं नत्र राहतं, मला वाटतं आम्हाला अजून कमी लागेल. यंदा अर्ध्या एकराला दोरी बांधून दोनच गोण्यांच्या हिशोबाने टाकणार आहे, बाबा तयार झालेत, आई अजून नाही.

मुलुंडचा_माणूस
दोन्ही तुकड्यांचं वजन वेगळं करा आणि आकडा इथे टाका, कमी आला तरी टाका. मी दहा गुंठ्यांवर करून बघतो, पण दिवसाच्या लाईटच्या आठवड्यात एकविसावा दिवस आला तरच. रात्रीचा आला तर वडील संध्याकाळीच फेकतील आणि मी त्यांना अडवणार नाही.