'हीलिंग स्पेस'ला मराठीत काय म्हणाल?

अनुवादिका : अमेरिकेतल्या फिशर हाउसवरचा लेख मराठीत आणतेय. लष्करी रुग्णालयाजवळचं घर. जखमी सैनिकाचे आईवडील, बायकोमुलं तिथे फुकट राहतात. पहिलं १९९० साली बेथेस्डाला सुरू झालं. 'ट्रॉमा'ला 'आघात' आणि 'हीलिंग स्पेस'ला 'उपचारस्थळ' लिहिलं, पण दवाखान्याची पाटी वाचतेय असं वाटतं.

शब्दवेडा : 'ट्रॉमा' मूळचा ग्रीक, अर्थ जखम. आपला 'आघात' म्हणजे ती करणारा फटका. क्षणात संपतो, म्हणून तर तबल्यावरही आघातच. मागे उरतो तो धसका. आणि धसका घरचेही घेतात. स्फोट नवऱ्याने पाहिलेला असतो, पण अवेळी फोन वाजला की दचकते बायको. निदानाबद्दल बोलताना 'मानसिक आघात' राहू द्या, घराबद्दल बोलताना 'धसका'.

साताराकर : 'पुनर्वसन' मात्र नको. आमच्याकडे त्याचा अर्थ कोयनेचे धरणग्रस्त. 'विश्रामगृह' म्हटलं की बांधकाम खात्याचा खानसामा, 'शुश्रूषागृह' म्हटलं की बाळंतपण!

शब्दवेडा : त्या घरात असतं काय, ते सांगा. शब्द त्यातूनच निघेल.

अनुवादिका : खोल्या ज्याच्या त्याला, स्वयंपाकघर आणि जेवणघर सामाईक. एकीच्या कुकरची शिट्टी होईतो दुसरीशी बोलणं होतं. पुढे अशा वास्तूंच्या रचनेबद्दल आहे : बसणाऱ्याची पाठ भिंतीला, दार नजरेसमोर, आणि ते दार आपटता कामा नये.

शब्दवेडा : मग 'सावरणे' घ्या. तोल सावरतो, पदर सावरतात; माणूस स्वतः सावरतो आणि दुसऱ्यालाही सावरतो. त्या घरातली बायको एकाच वेळी दोन्ही करतेय, क्रियापद एकच. 'उपचार' कोणीतरी आपल्यावर करायचे असतात. 'सावरण्याची जागा' म्हणा.

अनुवादिका : रॉजर उलरिक यांचा १९८४ चा अभ्यासही लेखात आहे. खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले. तिथेही 'सावरले'?

शब्दवेडा : छे! ती पित्ताशयाची शस्त्रक्रिया. तिथे माणूस सरळ 'बरा होतो', जखम भरून येते. एक शब्द सापडला म्हणून सगळीकडे पेरू नका.

अनुवादिका : मान्य. संपादकांनी पुन्हा 'उपचारस्थळ' केलं, तर भांडायला तुम्हालाच पाठवीन.