नववीसाठी नवोदय की गावची अनुदानित शाळा?

यावल तालुक्यातील पालक
नमस्कार. माझी मुलगी अनुदानित शाळेच्या सेमी-इंग्रजी वर्गात आठवीत शिकते. यंदा तिची एनएमएमएस (आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकांतील गुणवंत मुलांसाठीची केंद्राची योजना) शिष्यवृत्तीसाठी निवड झाली आहे आणि साकेगावच्या जवाहर नवोदय विद्यालयात (केंद्र सरकारची निवासी शाळा) नववीच्या रिक्त जागेसाठीही तिचे नाव लागले आहे. ही शिष्यवृत्ती नवोदयच्या विद्यार्थ्यांना मिळत नसल्यामुळे तिकडे गेल्यास बारावीपर्यंतचे वर्षाला 12,000 रुपये सोडावे लागतील, आणि आमचे घर केळीच्या भावावर चालते. मुलीला डॉक्टर व्हायचे आहे. जाणकारांनी कृपया मत द्यावे.

माजी नवोदय विद्यार्थिनी, पारोळा
दादा, नवोदयात राहणे, जेवण, गणवेश, पुस्तके सारे मोफत असते आणि नववीपासूनचा विकास निधी मुलींना माफ आहे, त्यामुळे शिष्यवृत्ती गेली तरी घरावर भार वाढत नाही. गणित आणि विज्ञान इंग्रजीतून असते, ते सेमीच्या मुलीला जड जात नाही. मात्र सामाजिक शास्त्र हिंदीतून शिकवतात आणि पहिले काही महिने तिथेच दमछाक होते. शिवाय नववीतील काही मुलांना वर्षभरासाठी हिंदी भाषक राज्यातील नवोदयात पाठवतात. आपल्या मुलीला हे लागू होईल का, हे प्रवेशापूर्वीच प्राचार्यांना विचारून घ्या.

निवृत्त गणित शिक्षक, धरणगाव
ताईंचा हिशेब बरोबर आहे, तरी नवोदयात केंद्रीय मंडळाचा अभ्यासक्रम आहे म्हणून केवळ 'सीबीएसई' या नावावर भाळून निर्णय घेऊ नये. राज्य मंडळात दहावीला बीजगणित आणि भूमिती यांच्या प्रत्येकी 40 गुणांच्या स्वतंत्र प्रश्नपत्रिका असतात, त्यामुळे भूमितीतील सिद्धता टाळून मुलाला पुढे जाता येत नाही, आणि ही शिस्त मला मोलाची वाटते. डॉक्टरकीच्या प्रवेशासाठीच्या 'नीट' परीक्षेला एनसीईआरटीची (सीबीएसई शाळांत वापरली जाणारी) पुस्तके महत्त्वाची आहेत हे खरे, पण ती बाजारातून आणून गावातही वाचता येतात. आपल्या शाळेत विज्ञानाचे शिक्षक कायम आहेत का आणि प्रयोगशाळेचे कुलूप उघडते का, हे आधी पाहा. तिथे सारे ठीक असेल तर मुलीने दहावी गावी करावी; नवोदयात अकरावीच्या रिक्त जागांसाठीही निवड चाचणी होते.

माजी नवोदय विद्यार्थिनी, पारोळा
सर, रिक्त जागा किती निघतील यावर अकरावीचा भरवसा कसा ठेवायचा? आपल्याकडे बारावी विज्ञानाची बरीच मुले प्रवेश एका कनिष्ठ महाविद्यालयात घेतात आणि शिकतात मात्र जळगावच्या क्लासमध्ये. त्या क्लासची फी आणि खोलीभाडे यांपुढे 12,000 रुपये कुठे पुरणार? नवोदयात अकरावी-बारावीचे तास खरोखर होतात आणि संध्याकाळी शिक्षक आवारातच भेटतात.

यावल तालुक्यातील पालक
दोघांचेही आभार. आमच्या शाळेत विज्ञानाची जागा गेल्या वर्षापासून रिकामी आहे, हे मी आधीच सांगायला हवे होते. येत्या आठवड्यात मुलीला घेऊन साकेगावला जातो आणि परराज्यात पाठवण्याविषयी विचारतो. तिच्या आईची खरी धास्ती तीच आहे.